अमेरिकेत मुलांच्या डेंटिस्टचं बोर्ड सर्टिफिकेशन कसं टिकवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून बीडीएस किंवा एमडीएस करून अमेरिकेत आलेली, इथे रेसिडेन्सी, म्हणजे स्पेशालिस्ट होण्याचं प्रशिक्षण, पूर्ण करून मुलांच्या दातांचं काम करणारी आपली बरीच मंडळी आहेत. बोर्डाची तोंडी परीक्षा पास झाली की पेढे वाटले जातात, फ्रेम भिंतीवर लागते. मग काही वर्षांनी फोन येतो: "ताई, ते रिन्यूअलचं राहूनच गेलं, आता काय करू?" या फोनवर मी जे सांगते ते इथे लिहून ठेवलं आहे. पालकही बोर्डाबद्दल विचारतात, त्यांचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

बोर्ड सर्टिफिकेशन आणि लायसन्स एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लायसन्स राज्य देतं. प्रत्येक राज्याचं स्वतःचं डेंटल बोर्ड आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय तुम्ही कुणाच्या तोंडात आरसाही घालू शकत नाही. ते कायद्याने सक्तीचं आहे.

सर्टिफिकेशन देतं अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक डेंटिस्ट्री. ही सरकारी संस्था नाही. १९४० मध्ये ती सुरू झाली आणि मुलांच्या दंतवैद्यकासाठी देशभरात मान्यता असलेलं सर्टिफाइंग बोर्ड हे एकच. त्याच्या परीक्षा देऊन जो उत्तीर्ण होतो त्याला 'डिप्लोमेट' म्हणतात. हे ऐच्छिक आहे.

नावात 'बोर्ड' दोन्हीकडे असल्यामुळे नवीन मंडळी एकाचा मेल दुसऱ्याचा समजून बाजूला टाकतात. मेल उघडल्यावर पहिल्यांदा बघा, पाठवणारं राज्य आहे की सर्टिफाइंग बोर्ड.

तिसरी एक संस्था आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक डेंटिस्ट्री. तिचं कार्यालय शिकागोत आहे. ती आपली व्यावसायिक संघटना: अधिवेशनं भरवते, मार्गदर्शक तत्त्वं काढते, वर्गणी घेते. अकॅडमीचं सभासद असणं म्हणजे बोर्ड सर्टिफाइड असणं नव्हे.

ऐच्छिक आहे तर कशाला करायचं?

रेसिडेन्सी पूर्ण केलेला डेंटिस्ट सर्टिफिकेशनशिवायही मुलांचा स्पेशालिस्ट म्हणून काम करू शकतो, आणि उत्तम काम करणारे असे लोक आहेत. तरी काही दारं सर्टिफिकेशननेच उघडतात. रेसिडेन्सी प्रोग्रॅमचं संचालक व्हायचं असेल तर कोडाच्या, म्हणजे कमिशन ऑन डेंटल अ‍ॅक्रेडिटेशनच्या, निकषांनुसार बोर्ड सर्टिफाइड असावं लागतं. बऱ्याच हॉस्पिटलांत ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन मुलांचं काम करण्याचे हक्क देताना सर्टिफिकेशन विचारतात. सैन्यदलातल्या डेंटल ऑफिसरांना बोर्ड सर्टिफिकेशनचा वेगळा भत्ता मिळतो.

मला मात्र सगळ्यात मोठं कारण वेगळंच वाटतं. आपला पेशंट तीन वर्षांचा आहे. डॉक्टरांनी दिलेला डोस बरोबर आहे का, हे विचारायला त्याला येत नाही, आणि त्याच्या आईबापांनाही ते कळायचा मार्ग नसतो. आपलं ज्ञान कुणीतरी बाहेरून तपासत राहणं त्या मुलासाठी गरजेचं आहे.

भारतातलं एमडीएस या बोर्डाला चालतं का?

थेट नाही. बोर्डाच्या परीक्षेसाठी कोडा-मान्य रेसिडेन्सी लागते, कॅनडातल्या मान्यताप्राप्त प्रोग्रॅमनाही परस्पर मान्यता आहे. मुलांच्या दंतवैद्यकाची रेसिडेन्सी किमान २४ महिन्यांची असते. एमडीएस झालेल्यांना हे जड जातं, कारण तेच शिक्षण पुन्हा घ्यायचं असं वाटतं. पण हॉस्पिटलमधलं काम, गुंगी देऊन उपचार, विशेष गरजा असलेल्या मुलांचे उपचार यांचा इथला अनुभव वेगळा असतो. एमडीएसचा उपयोग प्रवेश मिळवताना आणि नंतर खुर्चीजवळ रोज होतो.

त्यानंतर दोन परीक्षा: आधी संगणकावरची क्वालिफाइंग परीक्षा, मग तोंडी क्लिनिकल परीक्षा. तोंडी परीक्षेत केस समोर ठेवतात आणि तुम्ही काय कराल, का कराल, बिघडलं तर पुढे काय, हे विचारत जातात. आपल्याकडे व्हायव्हाला पाठ केलेलं धडाधड म्हणायची सवय असते, तिचा इथे उपयोग नाही. मोठ्याने विचार करायला शिका.

एक सूचना. रेसिडेन्सी झाली म्हणजे कुठल्याही राज्यात लायसन्स मिळेल असं नाही. अमेरिकन डीडीएस किंवा डीएमडी पदवी नसलेल्या परदेशी डेंटिस्टला काही राज्यं रेसिडेन्सीवर लायसन्स देतात, काही देत नाहीत. नोकरीचा करार करण्याआधी त्या राज्याचा नियम बघा.

एकदा पास झालं की झालं ना? हे आरओसी-पी काय आहे?

झालं नाही. सर्टिफिकेट चालू ठेवण्यासाठी जी प्रक्रिया असते तिचं नाव 'रिन्यूअल ऑफ सर्टिफिकेशन प्रोसेस', बोलताना आरओसी-पी. तिचे चार भाग आहेत. वैद्यकीय स्पेशालिस्टांच्या बोर्डांनी २००० च्या सुमाराला जी चार भागांची चौकट स्वीकारली, तीच ही घडण.

पहिला भाग व्यावसायिक स्थितीचा: लायसन्स चालू आहे का, त्यावर कुठलं बंधन आलं आहे का. दुसरा भाग सतत शिकत राहण्याचा, म्हणजे सीईचे (व्यवसायात असताना केलेल्या कोर्सचे) तास आणि स्व-परीक्षण. तिसरा ज्ञानाचा: नवं वाचलं का आणि ते कळलं का, याची चाचणी. चौथा स्वतःच्या कामाचा: तुमच्या दवाखान्यात प्रत्यक्ष काय घडतं ते बघून त्यात सुधारणा करणं.

याखेरीज दरवर्षीचं शुल्क. तासांचे आकडे, शुल्काची रक्कम आणि शेवटची तारीख बोर्डाच्या संकेतस्थळावर तुमच्या स्वतःच्या खात्यात दिसतात. तिथलेच धरा. सीनियरने तीन वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यादीवर विसंबू नका, नियम बदलत असतात.

रोज हेच काम करतो, मग दरवर्षी कागद कशाला?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग मला समजतो. दिवसभर रडणाऱ्या मुलांना शांत करून, संध्याकाळी इन्शुरन्सची कामं उरकून पुन्हा संगणकासमोर बसायचं जिवावर येतं. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

समजा तुमची रेसिडेन्सी २०१२ मध्ये संपली. त्यानंतर काय काय बदललं ते बघा.

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, ज्याला आपण एसडीएफ म्हणतो, त्याला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली, तीही दात शिवशिवणं कमी करण्यासाठी. कीड थांबवण्यासाठी ते वापरण्याबद्दल अकॅडमीची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ मध्ये आली. आज दोन वर्षांच्या, खुर्चीत न बसणाऱ्या मुलाच्या किडीवर थेंबभर औषध लावून वेळ मिळवता येतो, भूल टाळता येते किंवा पुढे ढकलता येते. कीड काळी पडते, ते पालकांना आधी फोटो दाखवून सांगावं लागतं. रेसिडेन्सीत हे न शिकलेल्या डॉक्टरपुढे त्या मुलासाठी दोनच रस्ते असायचे, पकडून काम करणं किंवा ऑपरेशन थिएटर.

हॉल पद्धत स्कॉटलंडमधून आली. दुधाच्या दाढेवर स्टीलची कॅप बसवायची, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, कीड आतच बंद. जुन्या शिकवणीत वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागला. कीड आत ठेवायची म्हणजे काय, असंच पहिल्यांदा वाटतं. पण पुरावा साठत गेला आणि पद्धत रुळली.

दुधाच्या दातांच्या पल्पोटॉमीला, म्हणजे नसेचा फक्त वरचा भाग काढून दात वाचवण्याच्या उपचाराला, पिढ्यान्‌पिढ्या फॉर्मोक्रेसॉल हे औषध वापरलं गेलं. आता एमटीएसारख्या पदार्थांनी ती जागा घेतली आहे.

कोडीन या वेदनाशामकाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये असं स्पष्ट केलं. काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फिनमध्ये फार झपाट्याने रूपांतर करतं आणि श्वास मंदावतो. ज्याने तोवरची सवय तशीच पुढे चालू ठेवली, त्याच्या प्रिस्क्रिप्शनने मुलाचा जीव जाऊ शकतो.

हृदयाचा आजार असलेल्या मुलांना काही उपचारांआधी अँटिबायोटिक देतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिन, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं. २०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने या कामासाठी क्लिंडामायसिनची शिफारस काढून टाकली.

गुंगी आणि भुलीबाबत बालरोगतज्ज्ञांची अकॅडमी आणि आपली अकॅडमी यांची संयुक्त तत्त्वं २०१९ मध्ये सुधारली. दातांच्या दवाखान्यात खोल गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची तर भूल देणारी प्रशिक्षित व्यक्ती वेगळी हवी आणि दात करणारा डेंटिस्ट वेगळा. एकाच माणसाने दोन्हीकडे बघायचं नाही. मुलांचे मृत्यू झाले, आईबाप रस्त्यावर उतरले, कायदेमंडळांत गेले, तेव्हा हे बदल झाले. कॅलिफोर्नियाने तर कायदाच बदलला आणि २०२२ पासून मुलांना गुंगी देण्याच्या परवान्यांची रचना नव्याने केली.

आणि अगदी अलीकडचं: फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने सांगितलं की दातांचे एक्स-रे काढताना शिशाचा एप्रन आणि गळ्याचा पट्टा नेहमी वापरण्याची गरज नाही. किरणांचा झोत नेमका ठेवणं आणि कारण असेल तेव्हाच एक्स-रे काढणं जास्त महत्त्वाचं. राज्याचा नियम अजून एप्रनचा असेल तर तो पाळावा लागतोच. पण आई जेव्हा विचारते, "मागच्या वेळी घातला होता, आज का नाही?" तेव्हा डॉक्टरकडे नीट उत्तर हवं.

हे सगळं एका डॉक्टरच्या हयातीतलं आहे, अर्ध्या हयातीतलं म्हणा. रोज काम केल्याने हात सफाईदार होतो. जे शिकलो तेच अजून बरोबर आहे की नाही, हे मात्र रोजच्या कामातून कळत नाही. कोडीन घेतलेली बहुतेक मुलं ठणठणीत घरी गेली, म्हणून तर ते इतकी वर्षं चाललं.

चौथा भाग, म्हणजे स्वतःच्या कामाची तपासणी, नेमकी कशी करायची?

बोर्डाच्या पोर्टलवर जे दिलं असेल त्याच नमुन्याने सादर करा. पण नुसता फॉर्म भरायचा म्हणून केलंत तर फुकट आहे. दवाखान्यात आम्ही जे करतो त्यातलं एक उदाहरण देते.

विषय घेतला: सुन्न करण्याच्या इंजेक्शनची नोंद. मागच्या काही महिन्यांतले, इंजेक्शन दिलेल्या मुलांचे चार्ट काढायचे, सलग काढायचे, चांगले निवडून नाही. प्रत्येक चार्टमध्ये चार गोष्टी बघायच्या: त्या दिवशीचं वजन लिहिलं आहे का, वजनापुढे एकक आहे का, जास्तीत जास्त किती औषध चालेल हे काढलं आहे का, आणि प्रत्यक्ष दिलेलं औषध मिलिग्रॅममध्ये लिहिलं आहे का.

आता हिशोब बघा. लिडोकेनची, म्हणजे सुन्न करण्याच्या औषधाची, अकॅडमीने दिलेली मर्यादा किलोला ४.४ मिलिग्रॅम. मूल १५ किलोचं, म्हणजे ६६ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या, १.७ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये (इंजेक्शनच्या औषधाच्या नळीत) ३४ मिलिग्रॅम असतं. म्हणजे दोन पूर्ण कार्ट्रिज दिल्या की ६८ झालं, मर्यादा ओलांडली. "दोनच तर दिल्या" असं मोठ्यांचं काम करणारा सहज म्हणेल.

आणि एककाचं काय? अमेरिकेत वजन पौंडांत सांगतात. १५ किलोचं मूल म्हणजे ३३ पौंड. आपले मराठी पालक किलोत सांगतात, बाकीचे पौंडांत, आणि रिसेप्शनवर नुसतं '३३' लिहिलं जातं. पुढच्याने ते किलो समजून हिशोब केला तर मर्यादा निघते १४५ मिलिग्रॅम, खऱ्या मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त. मुलाला झटके येऊ शकतात, श्वास थांबू शकतो. आणि गुंगीचं औषधही दिलेलं असेल तर धोका आणखी वाढतो. चार्टमध्ये एकक नसलेलं वजन सापडणं ही कारकुनी चूक समजू नका.

मग दुरुस्ती. वजनकाटा फक्त किलो दाखवेल असा लावायचा. सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेटमध्ये 'वजन, किलो' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये अशी सोय करायची. इंजेक्शनआधी असिस्टंट वजन आणि कार्ट्रिजची कमाल संख्या मोठ्याने वाचते, डॉक्टर "बरोबर" म्हणतात, मगच सिरिंज हातात. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच चार गोष्टी तपासायच्या. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चौथा भाग झाला, आणि दवाखाना खरोखर सुधारला.

तक्ता बनवताना मुलाचं नाव, जन्मतारीख, चार्ट नंबर लिहू नका. रुग्णाच्या गोपनीयतेचा हिपा कायदा इथेही लागू आहे.

सीईचे तास राज्याचे वेगळे, बोर्डाचे वेगळे मोजायचे का?

एकच कोर्स बहुतेक वेळा दोन्हीकडे दाखवता येतो, पण दोघांचं वर्ष आणि अटी वेगळ्या. कॅलिफोर्नियाला दोन वर्षांत ५० तास लागतात, न्यू जर्सीला दोन वर्षांत ४०, न्यूयॉर्कला तीन वर्षांत ६०. शिवाय काही विषय सक्तीचे असतात, जसं कॅलिफोर्नियात इन्फेक्शन कंट्रोल आणि राज्याचा डेंटल कायदा. मोठ्यांच्या इम्प्लांटचा कोर्स राज्याला चालेल, मुलांच्या बोर्डासाठी त्याचा फार उपयोग नाही.

कोर्स देणाऱ्या संस्थेला सर्प किंवा पेस, म्हणजे दंतवैद्यकाच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या योजना, यांची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्याआधी बघा. प्रमाणपत्र आलं की त्याच दिवशी पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाका, फाइलच्या नावात तारीख, विषय, तास. राज्य अचानक तपासणीसाठी बोलावतं तेव्हा जुन्या मेलमध्ये शोधत बसायची वेळ येऊ नये.

पॅल्स, गुंगीचा परवाना, डीईए हे सगळं आरओसी-पीमध्येच येतं का?

नाही. यांच्या तारखा वेगळ्या चालतात आणि यातलं काहीही चुकलं तर दुसऱ्या दिवशीचं काम अडू शकतं. पॅल्स, म्हणजे मुलांचं जीवरक्षण प्रशिक्षण, याचं कार्ड दोन वर्षं चालतं. गुंगीचा परवाना राज्याचा. मिडाझोलॅमसारखी गुंगीची औषधं द्यायला डीईएची, म्हणजे नियंत्रित औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, नोंदणी लागते, आणि जून २०२३ पासून त्या नोंदणीसाठी एकदाच करायचं आठ तासांचं प्रशिक्षण आलं आहे.

एकाच कागदावर सगळ्या तारखा लिहा आणि तो कागद ऑफिस मॅनेजरलाही द्या. पॅल्सचा वर्ग शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, हे दर वेळी नव्याने कळतं.

मी राज्य बदलते आहे. बोर्डाला काय कळवू?

सर्टिफिकेशन देशभराचं आहे, ते तुमच्याबरोबर येतं. लायसन्स येत नाही. नवं लायसन्स हातात आल्यावर बोर्डाच्या खात्यात ते नोंदवा, आणि पत्ता, ईमेल त्याच वेळी बदला. पूर्वीच्या नोकरीचा ईमेल दिलेला असतो, नोकरी सुटते, आणि रिन्यूअलच्या सगळ्या सूचना बंद झालेल्या पेटीत जाऊन पडतात. मुदत चुकलेल्यांचे जे फोन मला येतात त्यात हे कारण सारखं ऐकू येतं. बोर्डाला कायम स्वतःचा खासगी ईमेल द्या.

बाळंतपण, आजारपण किंवा आईवडिलांसाठी भारतात लांब मुक्काम असेल तर?

मुदत उलटण्याआधी बोर्डाला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. आधी लिहिणाऱ्याला मदत करणं कुठल्याही कार्यालयाला सोपं जातं, नंतर लिहिणाऱ्याला अवघड. वाचन आणि बरंचसं सीई घरून करता येतं, मग तुम्ही साताऱ्यात असा की सॅक्रामेंटोत. राज्याच्या लायसन्सची तारीख मात्र विसरू नका, ते गेलं तर पहिला भागच कोसळतो.

मुलींना आणखी एक सांगते. बाळ सहा महिन्यांचं असताना "आता हे सगळं सोडून देऊ का" असं वाटतं. त्या महिन्यात निर्णय घेऊ नका. फक्त शुल्क भरा, मेल पाठवा, झोपा.

मुदत चुकलीच. आता लायसन्सही जाईल का?

लायसन्स जात नाही. तुम्ही उद्याही दवाखान्यात काम करू शकता. पण सर्टिफिकेशन गेलं असेल तर 'बोर्ड सर्टिफाइड' किंवा 'डिप्लोमेट' हे शब्द वापरता येत नाहीत. संकेतस्थळ, पाटी, लेटरहेड, ईमेलखालची सही, इन्शुरन्स कंपन्यांच्या याद्या, सगळीकडून काढावे लागतात. जे नाही ते आहे म्हणून जाहिरात करणं ही राज्याच्या बोर्डाकडे तक्रार होण्याजोगी गोष्ट आहे, आणि मग खरंच लायसन्सवर बालंट येऊ शकतं.

हॉस्पिटलचे हक्क सर्टिफिकेशनवर अवलंबून असतील तर तिथल्या मेडिकल स्टाफ ऑफिसला स्वतःहून सांगा. ऑपरेशनच्या तारखा दिलेल्या मुलांची सोय आधी लावा. मग बोर्डाकडे पुनर्स्थापनेची वाट विचारा. जितक्या लवकर विचाराल तितकी ती सोपी असते.

माझ्याविरुद्ध राज्याकडे तक्रार झाली आहे. बोर्डाला सांगावं लागेल का?

रिन्यूअलच्या फॉर्मवर जो प्रश्न विचारला असेल त्याला खरं उत्तर द्या. नुसती तक्रार आणि झालेली कारवाई यांत फरक आहे, आणि प्रश्नाचे शब्द नीट वाचायला वकील मदत करतो. तुमच्या मालप्रॅक्टिस विम्यात बहुधा वकिलाची सोय असते, आधी तिथे फोन करा. लपवून उपयोग नाही. लायसन्सवरची कारवाई आणि दिलेली भरपाई १९९० पासून नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत नोंदली जाते. सामान्य माणसाला ती नोंद दिसत नाही, पण हॉस्पिटलं आणि लायसन्स देणारी बोर्डं ती बघतात.

शुल्क आणि कोर्सचे पैसे नोकरी देणारा भरतो का?

करारात लिहिलं असेल तर. नोकरी घेताना पगारावर घासाघीस होते आणि हे राहून जातं. सीईसाठी रक्कम, सीईसाठी पगारी सुट्टी, बोर्डाचं वार्षिक शुल्क, राज्याचं लायसन्स, डीईए, पॅल्स, असं एकेक नावाने लिहून घ्या. स्वतःचा दवाखाना असेल तर हा व्यवसायाचा खर्च आहे, अकाउंटंटला विचारून तसा दाखवा.

(पालकांकडून) डॉक्टर खरंच बोर्ड सर्टिफाइड आहेत हे कसं बघायचं?

दोन ठिकाणी बघा. अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक डेंटिस्ट्रीच्या संकेतस्थळावर डिप्लोमेटचं नाव शोधता येतं. आणि राज्याच्या डेंटल बोर्डाच्या संकेतस्थळावर लायसन्स चालू आहे का, काही कारवाई झाली आहे का, हे दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि यात डॉक्टरचा अपमान वगैरे काही नाही.

पाटीवर 'मुलांसाठी डेंटिस्ट' किंवा 'फॅमिली डेंटिस्ट्री' असेल तर ते बहुधा मुलांनाही बघणारे जनरल डेंटिस्ट असतात. साध्या तपासणीला ते ठीकच आहेत. मूल अगदी लहान असेल, फार घाबरत असेल, ऑटिझम किंवा हृदयाचा आजार असेल, किंवा गुंगीची गोष्ट निघाली असेल, तर स्पेशालिस्टकडे जा. आणि सर्टिफाइड असोत वा नसोत, गुंगीआधी हे विचारा: भूल कोण देणार, दात कोण करणार, दोघं वेगळे आहेत का, मुलाचं आजचं वजन किती किलो नोंदवलं आहे.

पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत घ्या. "दुधाचेच दात आहेत, पडणारच" हे आपल्याकडचं वाक्य फार नुकसान करतं. शेवटच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात.

(पालकांकडून) सुट्टीत भारतात जातोय, तिथेच दात करून घेऊ का? तिथल्या डॉक्टरांकडे हे बोर्ड नसतं ना?

तिथली व्यवस्था वेगळी आहे. मुलांच्या दातांचा एमडीएस हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि डॉक्टरची नोंदणी राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे, महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. या विषयाच्या तज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना १९७९ पासून काम करते आहे. तिथले एमडीएस झालेले बालदंततज्ज्ञ उत्तम काम करतात. अडचण काळाची असते. तीन आठवड्यांच्या मुक्कामात नसेचं काम, कॅप आणि पुढची तपासणी बसत नाही, आणि परत आल्यावर इथल्या डॉक्टरकडे आधीचा एक्स-रेही नसतो. करून घेतलंत तर एक्स-रे आणि वापरलेल्या साहित्याची नोंद ईमेलवर मागून घ्या.

कायमचं भारतात परत जायचं ठरवलं आहे. डिप्लोमेट चालू ठेवू का?

भारतात काम करण्यासाठी अमेरिकन सर्टिफिकेट हा परवाना नव्हे. तिथली बीडीएस-एमडीएसची नोंदणी लागते. अमेरिकेत असताना ती मरू दिली असेल तर जाण्याच्या बऱ्याच आधी परिषदेकडे नूतनीकरणाची चौकशी सुरू करा. १९४८ च्या डेंटिस्ट कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा २०२३ चा कायदा आला आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नका.

डिप्लोमेट ठेवायचं का, हे तुम्ही पुढे काय करणार त्यावर ठरवा. महाविद्यालयात शिकवणार असाल, परत येण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर ठेवा, कारण गेलेलं परत मिळवणं जास्त कष्टाचं. निघण्याआधी बोर्डाला लिहून विचारा की अमेरिकेतलं लायसन्स बंद केलं तर पहिल्या भागासाठी कुठलं लायसन्स धरतील. हे उत्तर हातात आल्याशिवाय राज्याला लायसन्स बंद करायचं पत्र पाठवू नका. आणि दोन्ही देशांतल्या खात्यांवर असा फोन नंबर द्या जो तिथे गेल्यावरही चालू राहील, नाहीतर ओटीपीच येत नाही.